आज काय बंद आहे?

कोणत्याही एमआयडीसीत शिरा, रासायनिक कारखान्याच्या गेटजवळ एक फळा दिसतोच. वर ‘सुरक्षा प्रथम’, खाली ‘अपघातविरहित दिवस’ आणि त्यापुढे खडूने लिहिलेला आकडा. सिक्युरिटीचा माणूस रोज सकाळी तो एकाने वाढवतो. कोणाचं बोट कापलं, कोणी शिडीवरून पडलं की आकडा शून्यावर येतो. म्हणजे यायला हवा. जखमेला टाके घालून त्या माणसाला दुसऱ्या दिवशी हजेरीपुरतं खुर्चीत बसवायचं आणि आकडा वाचवायचा, ही युक्ती या धंद्यात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण ते सोडून देऊ.

माझी तक्रार अशी आहे की तो आकडा खरा असला तरी भलत्याच गोष्टीचा आहे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटीत बीपी या तेल कंपनीच्या रिफायनरीत स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. गेलेले सगळे ठेकेदारांचे कामगार, प्लांटला लागून उभ्या केलेल्या तात्पुरत्या केबिनांमध्ये आणि आसपास असलेले. त्यांच्यातले काही जण नुकतेच जेवून परतले होते, आणि ते जेवण कशासाठी होतं? महिनाभरात कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात झाला नाही म्हणून. इकडे जेवण चालू असताना तिकडे १७० फूट उंचीच्या एका टॉवरमध्ये तेल चढत होतं. नेहमी तळाशी जेमतेम काही फूट असणारी पातळी दीडशे फुटांवर गेली होती. कंट्रोल रूममधलं मीटर मात्र पातळी दहा फुटांच्या आत असून हळूहळू उतरते आहे, असं दाखवत होतं. जादा पातळीचा एक अलार्म रात्रीपासून नुसताच लागून राहिला होता. दुसरा, जो खास अशाच वेळेसाठी वेगळा बसवला होता, तो वाजलाच नाही.

घसरून पडणं, बोट कापणं, डोक्यात पाना पडणं ही एका जातीची सुरक्षा. टाकी, रसायनांची प्रक्रिया होते तो रिॲक्टर, पाइप यांच्या आत जे आहे ते आतच राहणं ही दुसऱ्या जातीची. पहिली हेल्मेट आणि बुटांनी सांभाळता येते आणि फळ्यावर मोजता येते. दुसरी मोजायची तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: या प्लांटला वाचवण्यासाठी जी साधनं बसवली आहेत, त्यातली आज कोणती बंद आहेत आणि कधीपासून? या प्रश्नाचं उत्तर त्याच गेटवर, त्याच फळ्यावर, रस्त्यावरच्या माणसालाही वाचता येईल असं लिहायला लावावं, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला वेडगळ वाटेल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भोपाळ म्हटलं की आपण ‘गॅसगळती’ म्हणतो, जणू एखादा नळ गळत होता. मला भोपाळ आठवतं ते बंद पडलेल्या वस्तूंच्या यादीसारखं. टाकी क्रमांक ६१० मध्ये सुमारे ४२ टन मिथाइल आयसोसायनेट. हा पदार्थ गार ठेवायचा असतो, म्हणून रेफ्रिजरेशन. ते १९८४ च्या जूनपासूनच बंद केलेलं. तापमान वाढलं तर अलार्म वाजावा, पण गारवाच नाही म्हटल्यावर टाकी कायम अलार्मच्या आकड्याच्या वर, म्हणून अलार्मही निरर्थक. गॅस बाहेर पडलाच तर कॉस्टिकच्या द्रावणाने तो मारायला स्क्रबर, तो ‘स्टँडबाय’वर. त्यातूनही निसटला तर जाळायला फ्लेअर. तिच्याकडे जाणारा पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला. मग पाण्याचे फवारे. ते गॅस जिथून निघत होता त्या उंचीपर्यंत पोचतच नव्हते. माल हलवायला रिकामी ठेवायची टाकी रिकामी नव्हती. आणि सगळ्यात शेवटी भोंगा. वस्तीला सावध करणारा भोंगा त्या रात्री थोडा वेळ वाजवून बंद केला गेला आणि पुन्हा वाजला तोवर झोपड्यांमधली माणसं रस्त्यावर पडू लागली होती. मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेला मृतांचा आकडा ३,७८७ आहे. भोपाळमध्ये कोणीही तो पूर्ण मानत नाही.

टाकीत पाणी शिरलं कसं, यावर चाळीस वर्षं वाद चालू आहे. पाइप धुताना पाणी पुढे जाऊ नये म्हणून घालायची चकती, म्हणजे ब्लाइंड, टाकली नव्हती म्हणून शिरलं, असं कामगार आणि अनेक अभ्यासक म्हणतात. कोणीतरी मुद्दाम घातलं, असं कंपनी म्हणत राहिली. माझ्या मते या वादाने मूळ मुद्दा झाकला गेला. समजा घातलं कोणी मुद्दाम. संरक्षणं बसवलेली असतात ती नेमकी अशाच वेळेसाठी. पाणी शिरण्याचं कारण काहीही असो, त्यापुढच्या सहा-सात गोष्टींपैकी एकही जागेवर का नव्हती, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचं उत्तर प्रत्येक वस्तूसाठी वेगळं नाही. कारखाना तोट्यात चालला होता. माणसं कमी केली, देखभाल कमी केली, वीज आणि रेफ्रिजरंट वाचवलं. एकाच कात्रीने सगळे दोर कापले.

हे आधी कोणाला कळलं नव्हतं असंही नाही. मे १९८२ मध्ये युनियन कार्बाइड या मूळ कंपनीच्याच अमेरिकन पथकाने प्लांट पाहून गंभीर त्रुटींची यादी दिली होती. पत्रकार राजकुमार केसवानी त्याच वर्षी भोपाळमधल्या आपल्या छोट्या साप्ताहिकात ओरडून सांगत होते. यादी ऑफिसात राहिली आणि साप्ताहिक रद्दीत गेलं.

आता थोडं गणित करू, कारण आजकाल धोक्याचं मूल्यमापन गणितानेच होतं. प्लांटमधली संरक्षणं कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक मोजतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला ‘लोपा’ म्हणतात. समजा एका रिॲक्टरचं कूलिंग दहा वर्षांतून एकदा बंद पडतं. अलार्म वाजला की ऑपरेटर धावतो. दहातून एकदा तो चुकेल असं धरू. त्यानंतर इंटरलॉक आपोआप आत येणारा कच्चा माल बंद करतो; तो शंभरातून एकदा दगा देईल. मग सेफ्टी व्हॉल्व्ह. तोही शंभरातून एकदा. गुणाकार करा: दहा गुणिले दहा गुणिले शंभर गुणिले शंभर. दहा लाख वर्षांतून एकदा स्फोट. सल्लागार अहवालावर सही करतो, मालक हुश्श करतो.

या गुणाकाराला एकच अट आहे: प्रत्येक पापुद्रा दुसऱ्यापासून स्वतंत्र असला पाहिजे. आणि प्लांटमध्ये तेच नसतं. अलार्म आणि इंटरलॉक दोघेही एकाच थर्मोकपलवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या एकाच साधनावर, टांगलेले असतात. थर्मोकपल चुकला की दोघेही एकदम आंधळे. मग अलार्म आणि इंटरलॉक मिळून फार तर एका, तेही दहातून एकदा चुकणाऱ्या, पापुद्र्याचं श्रेय देता येतं. म्हणजे दहा लाखांचे दहा हजार झाले. सेफ्टी व्हॉल्व्हखाली दुरुस्तीच्या सोयीसाठी एक साधा व्हॉल्व्ह असतो, तो मागच्या शटडाउनमध्ये बंद केला आणि उघडायचा राहिला. दहा हजारांचे शंभर झाले. शंभर वर्षांतून एकदा हे ऐकायला लांब वाटतं. असे शंभर रिॲक्टर ज्या वसाहतीत आहेत तिथे ते सरासरी दरवर्षी एकदा असतं. आपल्याकडे वर्तमानपत्रात जे छापून येतं त्याच्याशी हा हिशेब बराच जुळतो.

स्वयंपाकघरातला कुकर या बाबतीत अनेक प्लांटपेक्षा शहाणा आहे. शिट्टी दाबाने उचलते, सेफ्टी प्लग उष्णतेने वितळतो. डाळीच्या फेसाने शिट्टीचं भोक बुजलं तरी प्लगला त्याची पर्वा नसते. दोन वेगळी तत्त्वं, दोन वेगळ्या जागा. फक्त प्लग गेल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून कसलाही स्वस्त तुकडा आणून ठोकला नाही म्हणजे झालं.

तपासणीचंही तसंच. संरक्षण देणारी वस्तू बिघडली तरी रोजचं उत्पादन थांबत नाही, त्यामुळे ती बिघडल्याचं कोणाला कळत नाही. पन्नास वर्षांतून एकदा गुपचूप बिघडणारी ट्रिप, म्हणजे धोका दिसताच प्लांट आपोआप थांबवणारी यंत्रणा, दरवर्षी तपासली तर गरजेच्या वेळी ती शंभरातून एकदाच दगा देते. तीच दहा वर्षांनी एकदा तपासली तर दहातून एकदा. वस्तू तीच, किंमत तीच, अहवालातला आकडाही तोच. इंग्लंडमध्ये बन्सफील्ड इथे ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे पेट्रोलची टाकी भरून वाहिली आणि प्रचंड स्फोट झाला. पातळी दाखवणारा गेज अडकला होता. तो आधीही अनेकदा अडकला होता. टाकी काठोकाठ येण्याआधी पंपिंग तोडणारा वेगळा स्विच होता, पण त्याच्या टेस्ट लिव्हरला एक छोटं कुलूप लावायचं असतं आणि ते लावलेलंच नव्हतं. कुलूप चोरीसाठी नसून स्विच चालण्यासाठी आहे, हे बसवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना माहीतच नव्हतं. रविवारची पहाट होती म्हणून माणसं वाचली.

मी स्वतः इन्स्ट्रुमेंटचा माणूस. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात, नाव नको, रात्रपाळीला होतो. रिॲक्टरचा थर्मोकपल सैल झाला होता, उगाच उडी मारायचा आणि बॅच ट्रिप व्हायची. दोनदा झालं. तिसऱ्यांदा शिफ्ट इनचार्ज स्वतः पॅनेलपाशी आला. “साहेब, अजून एकदा गेली तर बॅच गटारात. एवढी रात्र काढा.” मी दोन टर्मिनलमध्ये वीतभर तार घातली. जंपर. इंटरलॉकला वाटतं सगळं ठीक आहे. लॉगबुकात लिहिलं, ‘जंपर मारला, सोमवारी काढणे.’ काही महिन्यांनी दुसरं काही शोधताना जुनी लॉगबुकं चाळत होतो. ‘सोमवारी काढणे’ हे वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, वेगवेगळ्या उपकरणांच्या टॅग नंबरांसमोर, पानोपानी होतं. कोणता सोमवार ते कोणीच लिहिलं नव्हतं. माझी तार तेव्हाही तिथेच होती.

यात खलनायक शोधू नका. खोटी ट्रिप ही खरी अडचण आहे, बॅच वाया जाणं हेही खरं नुकसान आहे आणि रात्री तीन वाजता दोन्हींच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला उपदेश करणं सोपं आहे. संरक्षण असं तात्पुरतं बाजूला काढणं, म्हणजे बायपास, कधीकधी करावाच लागतो. चांगल्या कारखान्यांत त्यासाठी परमिट असतं, मुदत असते, त्या काळापुरता पर्यायी बंदोबस्त असतो. वाईट कारखान्यांत तार असते. तार घालणारा दोषी खरा. पण ती तार तिसऱ्या दिवशी कोणालाच दिसत नाही, यात मला जास्त मोठा धोका वाटतो.

विशाखापट्टणममध्ये ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ आर. आर. वेंकटापुरम गावात पसरली आणि १२ माणसं मेली. लॉकडाउनमुळे टाकी आठवडेच्या आठवडे तशीच भरून पडली होती. स्टायरीन आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात घालायचं द्रव्य कमी पडलं होतं. तापमान मोजणारा प्रोब टाकीच्या तळाशी होता, तापत होतं ते वर. रेफ्रिजरेशन रात्रभर चालवायची पद्धत नव्हती. आणि भोंगा? सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने नोंदवलं की कारखान्यात भोंगा वाजवण्याची सोय ३६ ठिकाणी होती, तरी तो वाजवला गेला नाही. भोपाळच्या भोंग्याची आठवण यावी असंच हे.

भोपाळनंतर कायदे झाले नाहीत का? झाले, भरपूर झाले. १९८७ मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण घातलं. त्यातलं कलम ४१-ब सांगत होतं की कारखान्यातल्या धोक्यांची आणि त्यावरच्या उपायांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला द्यायलाच हवी. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी मोठ्या कारखान्यांना सुरक्षा अहवाल, दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल आणि जिल्हा प्रशासनाला कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा बंधनकारक केला. २०२० च्या नव्या कामगार संहितेतही माहिती उघड करण्याचं कर्तव्य ठेवलं आहे. इन्स्पेक्टरचा मात्र ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ झाला आहे. त्या शब्दातला उत्तरार्ध पूर्वार्धाला खाऊन टाकेल, अशी माझी भीती आहे.

उणीव कायद्यात नाही म्हणावं, तर एक आहे. ही सगळी माहिती ‘कारखाना कसा बांधला आहे’ याची आहे. हॅझॉप अभ्यास म्हणजे ड्रॉइंग समोर ठेवून ‘प्रवाह थांबला तर? उलटा गेला तर? तापमान वाढलं तर?’ असे प्रश्न विचारत जाण्याची पद्धत. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत ती घडली आणि ती खरोखर उत्तम आहे. पण ती ड्रॉइंगला प्रश्न विचारते. ड्रॉइंगमध्ये जंपर नसतो. त्यातच आपल्याकडच्या छोट्या युनिटांमध्ये हॅझॉप म्हणजे सल्लागाराकडून पाठवलेली फाइल. रंग बनवायला लागणाऱ्या मधल्या रसायनांचा प्लांट असलेल्या एका ठिकाणी मी वाचलेल्या अहवालात अमोनियाच्या गोल टाकीचे धोके तपशीलवार लिहिले होते. तिथे अमोनियाची टाकीच नव्हती. मागच्या गिऱ्हाइकाची राहिली असावी.

म्हणून गेटवरचा फळा. ज्या कारखान्यात घातक प्रक्रिया चालते, त्याने आपल्या अत्यावश्यक संरक्षणांची यादी आधी ठरवावी. मध्यम आकाराच्या युनिटात ती तीस-चाळीस ओळींच्या पुढे जाऊ नये. गेली तर आधी प्लांट सोपा करावा. रोज सकाळी त्यातली बंद, बायपास किंवा तपासणीची तारीख उलटलेली साधनं गेटवर लिहावीत: साधन कोणतं, कधीपासून बंद, त्याऐवजी काय केलं आहे, कोणी परवानगी दिली. तीच नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या संकेतस्थळावर जावी. खर्च म्हणाल तर खडूचा.

यावर मालक मंडळी काय म्हणतील ते मला पाठ आहे. पहिला आक्षेप गुपिताचा. पण ‘रिॲक्टर ३ चा उच्च तापमान इंटरलॉक सोमवारपासून बायपास’ या वाक्यात कोणतं सूत्र फुटतं? प्रतिस्पर्ध्याला यातून एवढंच कळेल की तुमचा इंटरलॉक बंद आहे. दुसरा आक्षेप घातपाताचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. टाक्यांचे नकाशे, साठ्याचे आकडे, व्हॉल्व्हच्या जागा उघड करा असं मी म्हणतच नाही. संरक्षण बंद असताना प्लांट चालवणं जर घातपात्याला आमंत्रण असेल, तर प्लांट थांबवा. गुप्तता हा त्यावरचा इलाज नव्हे. तिसरा आक्षेप सगळ्यात जुना: लोक घाबरतील. भोपाळचा भोंगा बंद करण्यामागेही हाच विचार होता. युरोपात २०१२ च्या सेवेसो निर्देशानुसार अशा कारखान्याची शेवटची सरकारी तपासणी कधी झाली याची तारीख शेजाऱ्यांना ऑनलाइन मिळते. तिथे कोणी गाव सोडून पळालेलं नाही.

खरा आक्षेप चौथा आहे आणि तो मालक बोलून दाखवत नाहीत: आम्ही रोज शून्य लिहू. लिहितील, सुरुवातीला बरेच जण लिहितील. पण खोटं शून्य आणि न विचारलेला प्रश्न यात फरक आहे. फळ्यावर शून्य लिहिलेलं आणि आत तार असेल तर ते कागदावरचं खोटं निवेदन ठरतं. उद्या कोर्टात ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. शिवाय तो फळा सगळ्यात आधी वाचणार आहेत ते आतले ऑपरेटर आणि फिटर. त्यांना खरं काय ते माहीत असतं. आज ते बोलत नाहीत कारण कोणी विचारत नाही आणि बोलणाऱ्या ठेकेदारी कामगाराचा गेटपास दुसऱ्या दिवशी चालत नाही. बोलणाऱ्याला संरक्षण दिल्याशिवाय ही सूचना निम्मीच राहील, हे मान्य.

डोंबिवलीत हा विषय निघाला की गाडी हमखास स्थलांतरावर जाते. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसं गेली. २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये रिॲक्टर फुटला, दहाहून जास्त माणसं गेली, साठहून जास्त जखमी झाली. दोन्ही वेळा काचांचा खच पडला, मंत्री आले, धोकादायक कारखाने बाहेर हलवू म्हणाले. पहिल्या स्फोटाचा चौकशी अहवाल नागरिकांना माहिती अधिकारातून मिळवावा लागला, हे एवढं एक वाक्य पुरेसं आहे. कारखाने आधी आले की इमारती, हे भांडण मी करत नाही. कारखान्यांना खेटून इमारतींना परवानग्या देणाऱ्यांना ते लखलाभ. काही युनिटं हलवावी लागतीलच. पण तोच रिॲक्टर, त्याच थर्मोकपलसह, तीच तार घातलेला, महाड किंवा पाताळगंगेला नेऊन बसवला तर आपण फक्त शेजारी बदलले. तिथेही हेल्पर आहेतच, आणि ते बहुधा उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले असल्यामुळे त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही.

पुढे दुसऱ्या एका कारखान्यात माझ्या हातात थोडे अधिकार आले तेव्हा मी हा फळा करून पाहिला. गेटवर लावू देतील अशी आशाच नव्हती. कंट्रोल रूमच्या दारावर लावला. पहिल्या दिवशी अकरा ओळी भरल्या. प्रॉडक्शनवाले चिडले, ‘तुमच्या डिपार्टमेंटची अब्रू तुम्हीच काढताय’ म्हणाले, आणि ते खरंच होतं, अकरांपैकी सात माझ्याच खात्याच्या होत्या. तीन आठवड्यांत चार उरल्या. एकही नवी वस्तू विकत घेतली नव्हती. फक्त रोज सकाळी चहा घेताना तीच ओळ पुन्हा वाचायचा सगळ्यांना कंटाळा आला. एका ओळीसाठी शिफ्ट इनचार्जने स्वतःहून अर्धा दिवस प्लांट थांबवून दिला. मग एका परदेशी गिऱ्हाइकाचं सेफ्टी ऑडिट आलं. आदल्या दिवशी जिने रंगवले, पिवळे पट्टे मारले, अग्निशामकांवर नवी लेबलं चिकटवली. सकाळी कंट्रोल रूमपाशी गेलो तर दार मोकळं. फळा काढून स्टोअरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा केला होता. ऑडिटला पूर्ण गुण मिळाले. ऑडिटर गेल्यावर फळा परत लावायची आठवण मलाच करावी लागली, आणि तोवर सोमवार उजाडला होता.